सायझिंगच्या वाफेवर वाढलेले स्फटिक

लोक भिवंडीला कापडाच्या कामाला जातात, नाहीतर गोदामात माल उतरवायला. मी गेले ती एका मैत्रिणीला खरं ठरवायला किंवा खोटं ठरवायला. कुठलं, ते निघताना माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सच्छिद्र स्फटिक बनवत होतो. डोळ्यांसमोर एक इमारत आणा. कोपऱ्याकोपऱ्यावर जस्ताचे अणू, त्यांना जोडणाऱ्या एका आम्लाच्या काड्या, असा एक सपाट मजला तयार होतो. असे मजले एकावर एक रचायचे तर मध्ये खांब लागतात. खांबाचं काम करणारा रेणू वेगळा, लांबट आणि ताठ. खांब नीट उभे राहिले की मजल्यांच्या मध्ये रिकाम्या खोल्या राहतात आणि त्या खोल्यांत वायू साठवता येतो. उद्या हायड्रोजनवर गाड्या चालल्या तर त्याची टाकी अशा पदार्थाची असेल, असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं.

अडचण अशी की निसर्गाला रिकामी जागा बघवत नाही. पहिल्या इमारतीच्या खोल्यांमधून दुसरी इमारत उगवते, दोन्ही एकमेकींत अडकतात आणि वायूला जागाच उरत नाही. दर्शनाला मात्र एकेरी इमारत मिळाली होती. दर्शना माझ्या बाकाशेजारी बसायची. तिच्या स्फटिकांनी भरपूर वायू धरला, सरांनी निबंध लिहिला, तो बाहेरच्या नियतकालिकाकडे गेला. तोवर दर्शनाचं लग्न झालं आणि ती काम सोडून भिवंडीजवळ अंजूरला सासरी गेली. मग परीक्षकांचं पत्र आलं : प्रयोग पुन्हा करून दाखवा.

तो पुन्हा करायचं काम माझ्याकडे आलं. कित्येक महिने मी तेच माप, तेच द्रावक, तेच तापमान घेऊन बसले आणि दर वेळी माझ्या कुपीत सुयांसारखे बारीक स्फटिक आले. अडकलेल्या दुहेरी इमारतीचे. दर्शनाचा मूळ नमुना मोजमापांत संपला होता, उरलेला वाळून भुगा झाला होता. तिच्या वहीत लिहिलेलं सगळं मी अक्षरशः पाळलं होतं.

शेवटी सरांनी मला खोलीत बोलावलं. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वायूची मोजमापं पुन्हा मिळत नसल्याने मी ती मागे घेते, असा मजकूर, खाली दर्शनाचं नाव.

"एखादा स्फटिक चुकून चांगला निघाला असेल," सर म्हणाले. "पण तो वायूचा आकडा? तिथे जा. भिवंडीच्या कॉलेजात माझ्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांची प्रयोगशाळा मिळेल. तिला तुझ्यासमोर करायला सांग. झालं तर ठीक. नाही झालं तर सही आण. मंगळवारी मला उत्तर पाठवायचंय."

शुक्रवार : कल्याण नाक्यापासून पुढे

भिवंडीत उतरले तर गाव गप्प. मी लातूरकडची, पॉवरलूमचं शहर म्हणजे कान फुटणारा खडखडाट असेल अशी माझी समजूत. बऱ्याच शटरना कुलपं, चहाच्या टपऱ्यांवर धुतलेल्या कुर्त्यांतली माणसं निवांत बसलेली. इथे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची असते हे मला तिथेच कळलं.

अंजूरला जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले आणि माझ्या पिशवीने दगा दिला. प्रयोगाची सामग्री मी पुण्याहून मोजून आणली होती. त्यात द्रावकाची प्लास्टिकची बाटली. जुन्या झालेल्या या द्रावकाला सडक्या मासळीसारखा वास मारतो, आणि बाटलीचं झाकण सैल झालं होतं.

"मॅडम, सुकट घेतली काय?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. "पिशवीचं तोंड बांधा ना जरा."

शेजारची बाई माझ्या पिशवीकडे वाकली, लांब श्वास घेतला आणि निकाल दिला, "सुकट न्हाय ही. सुकटीचा वास आमाला कलतो."

मी ओशाळून झाकण आवळलं, बाटलीवर दोन पिशव्या चढवल्या, रुमालाने हात पुसले. पुढचा सगळा रस्ता ती बाई अंग चोरून बसली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची लांबच लांब गोदामं. मध्येच भातकापणीनंतरचं एखादं शेत, त्यात खुंट आणि चार बगळे, की लगेच पुन्हा पत्रा. कंटेनर वळले की रिक्षा खड्ड्यात उतरून उभी राहायची. वारा मात्र खाडीचा होता, खारट आणि ओला. आमच्याकडे फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसायला लागतो. इथे जमिनीच्या कडेला पाणी चकाकत होतं, फक्त पिता येणार नाही असं.

दर्शनाचं घर नवं, दुमजली, अंगणात टेम्पो उभा. तिचा नवरा विलास टेम्पोचा धंदा बघतो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं.

"ये गो, बस. दुरून आयलीस. च्या ठेवते."

आणि आतून दर्शना आली. मी बघतच राहिले. तिला सहावा महिना होता.

मला काहीच कल्पना नव्हती. ती हसली, माझा हात धरून मला बसवलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या द्रावकाचा. पोटातल्या बाळाला तो घातक. बाटलीवरची ती सूचना आम्ही दोघींनी शंभरदा वाचली होती. मी मुकाट्याने उठले, बाटली घराबाहेर नेऊन मागच्या पत्र्याखाली ठेवली आणि साबणाने हात धुऊन आले. तेवढ्यावरून ती समजली.

"कामासाठी आलीस तू," ती म्हणाली. "बाळ बघायला नाही."

मग तिने पानं घेतली. तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी, वर कैरीचं सार. आमची ज्वारीची भाकरी हातावर थापताना आवाज करते. इथे उकडीचं पीठ मळून दर्शनाच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणायला लागले होते, भाकरी थापत होत्या ती कापडासारखी मऊ. हात धुतल्यावर दर्शना ओटीवर येऊन बसली.

"सर काय म्हणाले ते सांग. तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या."

मी सांगितलं. कागदही सांगितला.

"आणि तुला काय वाटतं?"

"तू आकडे बनवले नसशील असं वाटतं. पण दर्शना, माझ्या हातून ते होत नाहीये. काहीही केलं तरी."

"हे उत्तर झालं का? हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

ती उठून आत गेली. दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे.

"कसला कागद? कसली सही?" त्यांचा आवाज चढला. "आमचे घरान येऊन, आमचे हातचा जेवून, आमचे सुनेला चोर बोलतंस?"

विलास मध्ये पडला म्हणून मी त्या घरात राहिले. नाहीतर मी पिशवी उचललीच होती.

शनिवार : कॉलेज, आणि तिथून परत

सकाळी मला जाग आली ती आवाजाने. दूरवर कुठेतरी हजार माणसं एकदम टाळ्या वाजवायला लागावीत तसे माग सुरू झाले होते. दर्शना साडी नेसून तयार होती.

"सरांना सांग, हात तुझे, बोलणं माझं. मी बाटलीजवळ येणार नाही. चालेल?"

चालण्या न चालण्याचा प्रश्न नव्हता. दुसरा मार्गच नव्हता. विलासने टेम्पोतून आम्हाला भिवंडीत सोडलं.

कॉलेजातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी ओव्हन दाखवला, काचेची भांडी काढून दिली आणि मग खेदाने म्हणाल्या, "फक्त विजेचं बघा हं. कधी जाईल ते सांगता येतं, कधी येईल ते नाही."

आमच्या प्रयोगाला जवळजवळ एक दिवस न तुटता उष्णता लागते. मी ओव्हन लावला, तापमान चढायला लागलं आणि साठाच्या आसपास वीज गेली. आम्ही बाकावर बसून राहिलो. बाई पंख्याऐवजी वहीने वारा घेत होत्या. दुपार व्हायला आली तेव्हा कळलं की वीज संध्याकाळी येईल, आणि संध्याकाळी कॉलेजला कुलूप लागेल ते थेट सोमवारी सकाळी उघडेल. लोडशेडिंग म्हणजे काय हे मला नव्याने सांगायला नको होतं, आमच्याकडे तर त्या काळात अंधाराच्या वेळा पाठ होत्या. पण त्या दिवशी मात्र मला रडू फुटेल असं वाटलं.

परतीच्या रिक्षात दर्शना अंगावर पदर ओढून बसली होती. गावाजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "वाफ."

"काय?"

"घरामागच्या शेडमध्ये इद्रिसभाईंचं सायझिंग आहे. आमचे भाडेकरू. वीज जाते तेव्हा मशीन थांबतं, पण बॉयलर विझवत नाहीत. पुन्हा पेटवायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. तिथली वाफ बंद होत नाही, सुरेखा."

सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावायचा कारखाना. सूत गरम खळीतून जातं, मग वाफेने तापलेल्या मोठाल्या पिंपांवरून वाळत पुढे सरकतं. त्याशिवाय ते मागावर टिकत नाही, तटातट तुटतं. शेडमध्ये पाऊल टाकलं तर भाताच्या पेजेचा वास आणि चष्म्यावर धुकं. इद्रिसभाई आझमगढकडचे, पन्नाशीचे, बनियनवर. दर्शना शेडबाहेर कडुनिंबाखाली थांबली आणि तिथूनच त्यांच्याशी बोलली.

"भाभी, ये फटेगा तो नहीं?" कुप्यांकडे बघत त्यांनी विचारलं.

"नहीं फटेगा, इद्रिसभाई. आपके यहाँ जितनी गरमी है, उतने में वो उबलता भी नहीं. झाकण घट्ट रहेगा."

"और मेरे सूत को बास लगी तो?"

"तो मैं भर दूँगी."

ते हसले. "भाड़ा आपको मैं देता हूँ, आप मुझे क्या भरोगी. रखो."

विलासला हे पसंत नव्हतं. "बॉयलरच्या आसपास तू फिरकायची न्हाय," त्याने बायकोला बजावलं, आणि माझ्याकडे न बघता टेम्पो घेऊन निघून गेला.

मागच्या अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, मी हातमोजे घालून मिश्रण केलं. दर्शना पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसली होती. ती फक्त बोलत होती. "आधी आम्ल पूर्ण विरघळू दे. खांब शेवटी. घाई नको." मी हेच पुण्यात केलं होतं, अगदी असंच, आणि ते तिलाही कळत होतं. तिच्या चेहऱ्यावरची भीती मला इतक्या लांबून दिसत होती. माझ्याकडून नवं काहीच होत नव्हतं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरली, त्यात कुप्या गळ्यापर्यंत पुरल्या आणि डबा वाफेच्या एका बारीक नळीवर बसवला. शेजारी तापमापी. पारा चढला, नव्वदच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. आम्हाला एकशेवीस हवे होते.

"इससे ऊपर नहीं मिलेगा, मॅडम," इद्रिसभाई म्हणाले. "बड़ी लाइन पे रखूँगा तो आते-जाते किसी का हाथ जलेगा."

मी बाहेर येऊन दर्शनाला सांगितलं. तिने डोळे मिटले. "असू दे. ठेव."

अंधार पडायच्या सुमारास सरांचा फोन आला.

"सही झाली?"

"सर, प्रयोग लावलाय."

"किती तापमानाला?"

मी सांगितलं. "मग तो प्रयोगच नव्हे. वेळ घालवू नकोस. सही घे आणि निघ."

मोबाइलचा आवाज मोठा होता. दर्शना समोरच लसूण सोलत होती.

"आण तो कागद," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत थांब ना."

"कशाला थांबू? नव्वदला काही होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. मला आता रात्री झोप लागायला हवी. माझं नाव तिकडे काय व्हायचं ते होऊ दे. आण."

कागद माझ्या पिशवीत, हाताच्या अंतरावर होता. सरांनी मला त्याच कामाला पाठवलं होतं आणि ती स्वतः मागत होती. मी पिशवी जवळ ओढली, चेन लावली आणि मांडीखाली घेऊन बसले.

"डबा उघडेपर्यंत मी तो काढणार नाही," मी म्हटलं. "तू रागाव, सर रागावू देत."

तिने पुन्हा लसूण सोलायला घेतला.

रविवार : अंजूर

सकाळी मावशींनी मला खाडीवर नेलं. का नेलं ते सांगितलं नाही. मला वाटतं मी घरात दर्शनासमोर नको, असा विचार असावा. ओहोटी होती. चिखलात पाय रुतवून दोन म्हातारे जाळं ओढत होते. मावशी बांधावर उभ्या राहून पलीकडच्या गोदामांकडे बोट करून सांगत होत्या, हे शेत अमक्याचं, ते तमक्याचं. जणू पत्रे अजून उभेच नव्हते.

"आमचाबी एक तिथं हाय," त्या म्हणाल्या. "पैसा आला. भात गेला. आता पोरा टेम्पो चालवतान." जरा थांबून विचारलं, "तुमची शेती हाय का?"

"आहे. पाणी नाही."

"आनी आमाला पानीच पानी," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून जरा हसल्यासारखं झालं.

आम्ही परत येत होतो तेव्हा शेडच्या बाजूने फुस्सकन आवाज आला. कुणीतरी प्रचंड मोठ्या कुकरची शिट्टी उचलून धरावी आणि सोडूच नये, तसा. शेडच्या दारातून पांढरी वाफ लोटत बाहेर पडली आणि तिच्यातून माणसं धावत आली, कुणी तोंडावर गमछा धरलेला, कुणी अनवाणी. मी मावशींना मागे सोडून धावले.

कशासाठी धावले, ते आत्ता सांगताना लाज वाटते. त्या क्षणी मला डोळ्यांसमोर फक्त बिस्किटांचा डबा दिसत होता. मी दारापर्यंत पोचले. आतून आलेल्या हवेने गाल भाजला.

"सुरेखा!" मागून दर्शना ओरडली. ती अंगणाच्या टोकाला, पोटाला हात धरून उभी होती. "पाऊल टाकलंस तर मी येईन आत तुझ्यामागे! सांगून ठेवते!"

मी थांबले. ती खरंच आली असती. मावशी तिच्याकडे पळाल्या आणि तिला धरून मागे ओढत राहिल्या.

इद्रिसभाई भिंतीच्या कडेने वाकून बॉयलरच्या बाजूला गेले होते. मुख्य झडप फिरवल्याचा किरकिराट ऐकू आला. आवाज हळूहळू उतरला आणि संपला. वाफ विरली तेव्हा ते बाहेर आले, घामाने निथळत, भुवया ओल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पहले मेरे आदमी गिन लूँ," ते म्हणाले, "फिर आपकी शीशियाँ."

माणसं सगळी होती. एकाच्या कोपराला चटका बसला होता. मावशींनी त्याचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नळीच्या जोडावरचं वायसर फुटलं होतं. आता बॉयलर थंड करूनच दुरुस्ती होणार होती, म्हणजे आमची उष्णताही संपली. डबा जागेवरच होता, पण तिथवर जायला इद्रिसभाईंनी मला शेड निवेपर्यंत परवानगी दिली नाही. अगदी योग्य केलं.

त्या दुपारी घरात कुणी धड जेवलं नाही. दर्शना आडवी पडली होती. मावशी तिच्या पायांना तेल लावत होत्या आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. बाळ हलतंय ना, हे त्या तिला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. हलतंय, ती सांगत होती. मी ओटीवर बसून होते. या पोरीच्या घरात मी चोरीचा आळ आणला आणि त्यावर हे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

उन्हं कलल्यावर इद्रिसभाई स्वतः डबा घेऊन आले, दोन्ही हातांनी, फडक्यात धरून. ओटीवर ठेवला आणि निघून गेले नाहीत, उभे राहिले.

वाळूचा वरचा थर वाफेने ओला झाला होता. मी कुप्या एकेक उकरून काढल्या. एकीला तडा गेला होता, ती मी लांब नेऊन ठेवली. बाकीच्यांची झाकणं घट्ट होती. बाहेरून पुसून पहिली कुपी उजेडात धरली.

तळाशी सुया नव्हत्या.

स्वच्छ, जाडसर, चौकोनी खडे होते. खडीसाखरेचे असतात तसे, फक्त मोहरीहून लहान. मी भिंग लावलं. कडा काटकोनात. दुसरी कुपी, तशीच. तिसरी, तशीच.

दर्शना दाराला टेकून उभी होती. मी बंद कुपी ओटीच्या कठड्यावर उजेडात ठेवली आणि बाजूला झाले. तिने वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हेच," ती म्हणाली. "सुरेखा, हेच होते."

"पण नव्वदला?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. ती खाली बसली.

"जुना ओव्हन कुठे आहे?"

"मोडीत काढला. तू गेल्यावर नवा घेतला."

"त्या जुन्यात एकदा तू बीकरभर पाणी ठेवलं होतंस, कढत पाणी हवं म्हणून. काटा एकशेवीसवर होता. दुपारभर ठेवलंस. उकळलं होतं का ते?"

नव्हतं उकळलं. दार नीट बसत नाही म्हणून आम्ही त्या ओव्हनला शिव्या घातल्या होत्या आणि विसरून गेलो होतो. काटा एकशेवीस दाखवायचा, आत मात्र कधी तेवढं होतच नसणार. दर्शनाने काट्यावर दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. मी ते प्रामाणिकपणे नव्या, नीट चालणाऱ्या ओव्हनमध्ये पाळलं. जास्त उष्णतेत दुसरी इमारत पहिलीत घुसत होती. कमी उष्णतेत खांब सावकाश उभे राहत होते आणि खोल्या रिकाम्या राहत होत्या.

दर्शना रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. इद्रिसभाई घाबरले. "भाभी, खराब हो गया क्या?"

"नहीं, भाई," मी म्हटलं. "बन गया."

सोमवार, आणि नंतर

अर्थात डोळ्यांनी पाहून विज्ञानात काही सिद्ध होत नाही. क्ष-किरणांनी आतली रचना बघायची होती, वायू मोजायचा होता. निघताना मी हे मावशींना समजावून सांगितलं, कारण त्यांनी सरळच विचारलं होतं, "काय ठरला मंग? चोर हाय का न्हाय?"

"मशीन सांगेल, मावशी. दोन-चार दिवसांत."

"मशीनला कशाला इचारतंस?" त्या म्हणाल्या. "तुझे डोले कुठं गेले?"

कुप्या मी गावापासून पुण्यापर्यंत मांडीवर धरून आणल्या. आतल्या द्रवातून बाहेर काढले की खडे वाळून फुटतात. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता.

सरांच्या टेबलावर मी एका बाजूला कुप्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला सही नसलेला कागद. त्यांनी आधी मला बरंच सुनावलं, परवानगीशिवाय कुठल्या बॉयलरवर प्रयोग लावल्याबद्दल, आणि त्यात ते चुकले नव्हते. मग कुपी उजेडात धरली आणि भिंग मागितलं. मंगळवारचं उत्तर त्यांनी थांबवलं, संपादकांकडून मुदत मागून घेतली. क्ष-किरणांची रचना आली : एकच इमारत, मध्ये सगळं रिकामं. नव्या ओव्हनमध्ये, काट्यावर विश्वास न ठेवता आत तापमापी घालून, नव्वदला मी तेच पुन्हा केलं. वायूचा आकडा दर्शनाच्या आकड्याला इतका जवळ आला की मी तो दोनदा वाचला.

सरांनी कागद उचलून खणात टाकला. "तापमान दुरुस्त करून लिहा," म्हणाले. माफीचा शब्द काढला नाही. संध्याकाळी मात्र स्वतःहून माझ्या बाकापाशी आले. "तिचं नाव पहिलंच राहील. फोन कर तिला. आणि विचार, नाव कुठलं लिहायचं. लग्नाआधीचं की आताचं?"

मी फोन लावला. सगळं सांगितलं. दर्शना बराच वेळ फक्त "हं" म्हणत होती. मग मी नावाचं विचारलं आणि ती अडली. कामाच्या वेळी ती माहेरच्या नावाने होती, पण आता घरात सासरचं नाव होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मावशी तिच्या जवळच उभ्या असणार.

"थांब हं," ती म्हणाली. तिने फोनवर हात ठेवला. आत काहीतरी बोलणं झालं, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग फोनवर मावशीच आल्या.

"माहेरचाच टाक गो," त्या म्हणाल्या. "तवा ती आमची कुठं होती."